कुलूपबंद फोनविषयी थोडा खुलासा

अमेरिकेतल्या पुतण्याने धाडलेला फोन अंधेरीच्या बिऱ्हाडात येतो आणि इथले सिमकार्ड नाकारतो, तेव्हा ‘रिसेट मारा, म्हणजे कुलूपही निघेल आणि कंपनीने भरलेली अ‍ॅप्सही जातील’ असा सल्ला शेजारून हमखास मिळतो. वस्तुतः ही दोन निरनिराळी प्रकरणे असून रिसेटने बहुधा त्यांतले एकही निकालात निघत नाही.

नेटवर्क लॉक (संच एकाच दूरध्वनी कंपनीच्या सेवेला बांधणारा निर्बंध) ही हप्त्यांवर किंवा सवलतीत संच विकताना घातलेली अट होय. बाकी चुकती करून, आयएमईआय (*#०६# दाबल्यास दिसणारा पंधरा अंकी ओळखक्रमांक) देऊन कंपनीकडेच अर्ज करणे, हा ती उठवण्याचा रास्त मार्ग. अमेरिकेत ग्राहकाला तशी मुभा देणारा कायदा २०१४ साली झाला. आपल्याकडे ही अट तुरळकच, २०१७ चा जिओफोन हे तिचे ठळक उदाहरण.

हे कुलूप लोकलच्या पासासारखे: अंधेरी-बोरिवलीचा पास घाटकोपर-मुलुंडला चालत नाही. तो बदलून घेतला, तरी डब्यात डकवलेल्या जाहिराती जागच्या हलत नाहीत. अ‍ॅप्सचेही तसेच. ती मूळ प्रणालीतच वसलेली असल्यामुळे रिसेटनंतर पुन्हा हजर होतात. सेटिंग्जमध्ये ‘डिसेबल’ केल्यास निपचित पडतात, जागा मात्र अडवतात. समूळ उच्चाटनासाठी बूटलोडर (संच सुरू होताना प्रणाली चालू करणारी आज्ञावली) उघडावा लागतो, ज्याची परवानगी पुष्कळ संच देतच नाहीत, आणि दिली तरी सारा मजकूर पुसला जाऊन बँकेची काही अ‍ॅप्स रुसून बसतात. घरातल्या एकुलत्या एका फोनवर हा उद्योग करण्याची शिफारस निदान माझ्याने होणार नाही.