सोर्सपासून सॉफ्टवेअर – भाग ६ : बिल्ड अर्ध्यावर का मरतो?

मागच्या भागात आपण एलएलव्हीएम आणि क्लँगचा सोर्स उतरवून सीमेकने बिल्डची तयारी केली. आता निंजा सुरू केला की आकडे भराभर पुढे सरकतात. मग मशीन जड होतं, माउस अडखळतो आणि पडद्यावर येतं, ‘फेटल एरर: किल्ड सिग्नल टर्मिनेटेड प्रोग्रॅम सीसी१प्लस’. चूक कुठल्या ओळीत आहे ते काही सांगत नाही, कारण कोडमध्ये चूक नाहीच. रॅम संपली आहे.

रॅम संपत आली की सगळं मशीन गोठू देण्यापेक्षा लिनक्सचा कर्नल एखाद्या प्रोसेसचा बळी देतो. हे काम ओओएम किलरचं. बहुधा सर्वांत जास्त मेमरी अडवून बसलेल्या प्रोसेसवर गदा येते. तिला मिळणारा सिग्नल ९ अडवता येत नाही, म्हणून कंपायलर काही खुलासा न करताच जातो. खात्री करायची तर सुडो लावून डीमेसेज चालवा. शेवटी ‘आउट ऑफ मेमरी: किल्ड प्रोसेस’ दिसलं की निदान पक्कं.

आता हिशेब. काही सांगितलं नाही तर निंजा प्रोसेसरच्या थ्रेडपेक्षा दोन जास्त कामं एकदम काढतो. ८ थ्रेडच्या लॅपटॉपवर १०. जेंटू लिनक्सवाले, ज्यांचं सगळंच सोर्सपासून बनतं, ते कामामागे २ जीबी रॅम धरतात. म्हणजे हवी २० जीबी आणि लॅपटॉपमध्ये आहे ८! डेस्कटॉप आणि ब्राउझर वजा जाता ६ उरली, तर ‘जे’ पर्यायाला ३ द्या. वेळ जास्त लागेल, पण बिल्ड पुढे सरकेल. विंडोजवर डब्ल्यूएसएल २ वापरत असाल, तर त्याच्या वाट्याला मुळात निम्मीच रॅम येते. हिशेब तिच्यावर करा.

एवढं करूनही शेवटाकडे ‘एलडी टर्मिनेटेड विथ सिग्नल ९’ आलं, तर दुखणं लिंकिंगचं आहे. शेकडो ऑब्जेक्ट फाइल जोडताना एकटा लिंकरच कित्येक जीबी खातो. डीबग बिल्डमध्ये तर फारच, कारण सगळी डीबग माहितीही त्यालाच जुळवावी लागते. म्हणून सीमेकमध्ये बिल्ड टाइप ‘रिलीज’ ठेवा. टार्गेट फक्त एक्स८६ निवडा. स्वतःच्या मशीनसाठी एआरएम, मिप्स कशाला हवेत? लिंकर म्हणून एलएलडी घ्या, तो जीएनयूच्या जुन्या लिंकरपेक्षा कमी मेमरीत भागवतो. आणि ‘पॅरलल लिंक जॉब्स’ १ करा. हा पर्याय फक्त निंजाबरोबरच चालतो, मेकबरोबर नाही.

स्वॅप फाइल वाढवणं हा शेवटचा उपाय. एखाद्या लिंकला थोडी मेमरी कमी पडत असेल तर ती तारून नेते; पण १० कंपायलर स्वॅपवर सोडले, तर बिल्ड मरत नाही आणि संपतही नाही.

बिल्ड पडला म्हणून वैतागून डिरेक्टरी पुसू नका. फक्त ‘जे’ बदललं असेल तर निंजा थांबला तिथूनच पुढे जातो. बिल्ड टाइप बदलला तर मात्र जवळजवळ सगळं नव्याने होतं. म्हणून ही निवड बिल्ड सुरू करण्याआधीच करा. पुढच्या भागात तयार झालेल्या क्लँगच्या चाचण्या चालवू.