अड्यारचे कपाट आणि घरातील बुद्धिमान यंत्र

चेन्नईच्या दक्षिण भागात अड्यार नदी समुद्रास मिळते. तिच्या मुखाजवळच, दक्षिण तीरावर, थिऑसॉफिकल सोसायटीचे विस्तीर्ण आणि वृक्षराजीने गजबजलेले आवार आहे. मुंबईत काही वर्षे काढल्यानंतर १८८२ च्या डिसेंबरात मॅडम ब्लॅव्हॅट्स्की आणि कर्नल ऑल्कॉट यांनी संस्थेचे मुख्य ठाणे येथे हलविले. मॅडमच्या शयनगृहास लागून असलेल्या खोलीत, भिंतीवर, एक लाकडी कपाट टांगलेले असे. अनुयायी त्यास देव्हाऱ्याचा मान देत. त्यात प्रश्नाची चिठ्ठी ठेवून दार लावले की काही वेळाने चिठ्ठी नाहीशी होऊन तिच्या जागी उत्तर आलेले असते, अशी त्याची ख्याती होती.

१८८४ मध्ये मॅडम युरोपात असताना घराची व्यवस्था पाहणारी एमा कूलोम आणि घरातील सुतारकाम करणारा तिचा पती यांचे संस्थेशी बिनसले आणि दोघांना काढून टाकण्यात आले. त्याच सुमारास त्या भागात सरकत्या फळ्या आढळल्या. त्या मॅडमच्या सांगण्यावरूनच बसविल्या, असे कूलोम दांपत्य म्हणे. त्यांनी त्या मॅडमच्या गैरहजेरीत कपटाने केल्या, असे संस्थेचे लोक म्हणत. सप्टेंबरात मद्रास ख्रिश्चन कॉलेजच्या मासिकात मॅडमची म्हणून काही खासगी पत्रे छापून आली. ती एमाने पुरविली होती. मॅडमने ती बनावट ठरविली. लंडनच्या सायकिकल रिसर्च सोसायटीने रिचर्ड हॉजसन यास चौकशीसाठी पाठविले. तो डिसेंबरात अड्यारला पोहोचला, तोवर कपाट नष्ट करण्यात आले होते. १८८५ चा त्याचा अहवाल मॅडमच्या विरुद्ध गेला. परंतु १९८६ मध्ये त्याच सोसायटीच्या नियतकालिकात व्हर्नन हॅरिसन यांनी त्या अहवालाच्या पद्धतीवर कठोर टीका केली.

या वादात खरे कोण होते, याचा निवाडा येथे करावयाचा नाही. पण या कथेतील तीन गोष्टी ध्यानात ठेवण्याजोग्या आहेत. उत्तर देणाऱ्या कपाटामागे काय आहे, हे चिठ्ठी ठेवणाऱ्यास दिसत नव्हते. खासगी पत्रे बाहेर गेली, ती जिच्या हाती घराच्या किल्ल्या होत्या तिच्याकडून. आणि तपासणीस जेव्हा आला, तेव्हा तपासावयाची वस्तूच शिल्लक नव्हती. आज घरोघरी जे नवे संगणक आणि मोबाइल येत आहेत, त्यांच्याविषयी जाणकारांना वाटणारी चिंता नेमकी या तीन गोष्टींची आहे.

हे नवे यंत्र जुन्या यंत्रापेक्षा वेगळे कशात आहे, ते आधी पाहिले पाहिजे. पूर्वीचा संगणक सांगितले तेवढेच करी. पत्र लिहिण्याचे साधन पत्र लिही, हिशेबाचे साधन हिशेब ठेवी, आणि एकाच्या कामाची वार्ता दुसऱ्यास नसे. कृत्रिम बुद्धिमत्ता ही आता यंत्राच्या मूळ रचनेतच बसविली जात आहे. ती पत्राचा मसुदा सुचविते, छायाचित्रांतील माणसे ओळखते, लांब संभाषणाचा गोषवारा देते, बोललेले लिहून घेते. ही कामे करावयाची तर तिला पत्र वाचावे लागते, छायाचित्र पाहावे लागते, बोलणे ऐकावे लागते. किल्ल्यांचा सगळा जुडगा कमरेला लावलेल्या कारभाऱ्यासारखे तिचे स्थान आहे. कारभारी प्रामाणिक असेलही. परंतु घरातील एकही खोली त्यास बंद नाही, हे वास्तव त्यामुळे बदलत नाही.

ही बुद्धी दोन ठिकाणी काम करते. काही काम यंत्राच्या आतच होते. त्यासाठी अशा यंत्रांत निराळी गणनचकती बसविलेली असते. मायक्रोसॉफ्टने आपल्या नव्या वर्गातील संगणकांसाठी अशा चकतीची किमान शक्ती सेकंदाला ४० लाख कोटी क्रिया इतकी ठरविली आहे. काही काम मात्र यंत्रास झेपत नाही. तेव्हा प्रश्न, आणि त्यासोबत लागणारा मजकूर, कंपनीच्या दूरच्या संगणकांकडे जातो व उत्तर परत येते. वापरणाऱ्याच्या दृष्टीने दोन्ही अनुभव सारखेच. कपाटाचे दार लागते, दार उघडते, उत्तर हाती पडते. चिठ्ठी घरातच राहिली की भिंतीपलीकडे गेली, हे दारावरून कळत नाही.

घरात राहिलेली चिठ्ठी सुरक्षित, असे सहज वाटेल. परंतु तेवढ्याने निश्चिंत होता येत नाही, हे मायक्रोसॉफ्टच्या ‘रिकॉल’ या योजनेने दाखवून दिले. २० मे २०२४ रोजी ती जाहीर झाली. संगणकाच्या पडद्यावर जे जे दिसते त्याचे दर काही सेकंदांनी चित्र टिपावयाचे, त्यातील अक्षरे वाचून त्यांची सूची करावयाची, आणि महिन्यापूर्वी पाहिलेली एखादी गोष्ट मालकाने विचारली की ती शोधून द्यावयाची, अशी ही कल्पना. सारी चित्रे संगणकातच राहतील, बाहेर जाणार नाहीत, असे कंपनीने सांगितले होते. सुरक्षातज्ज्ञांनी परीक्षणासाठीची आवृत्ती तपासली, तेव्हा ती सूची कुलपाविना ठेवलेली आढळली. संगणकात शिरलेल्या चोरट्यास आता घरभर उचकापाचक करण्याचे कारण नव्हते; मालकाची सारी दिनचर्या एकाच वहीत नीट लिहून ठेवलेली होती. टीका झाली. ७ जूनला कंपनीने जाहीर केले, की मालकाने स्वतः चालू केल्यावाचून ही सोय चालू होणार नाही, सूची कुलूपबंद राहील, आणि ती पाहण्यापूर्वी मालकाची ओळख पटवावी लागेल. पुढे आठवड्याभरात योजना लांबणीवर पडली, आणि एप्रिल २०२५ मध्ये ती सुधारलेल्या रूपात बाजारात आली.

तरीही एक प्रश्न उरलाच. पडद्यावर मालकाचेच शब्द असतात असे नाही. मित्राने विश्वासाने पाठविलेला निरोप, अशिलाचे कागद, रुग्णाचा अहवाल, हेही तेथे दिसतात. संगणकाच्या मालकाने संमती दिली, पण त्या दुसऱ्या माणसास कोणी विचारले? याच कारणाने मे २०२५ मध्ये ‘सिग्नल’ या निरोप-सेवेने विंडोज संगणकांवर आपल्या पडद्याचे चित्र घेताच येऊ नये अशी तजवीज केली.

भिंतीपलीकडे जाणाऱ्या चिठ्ठीची गोष्ट अधिक नाजूक आहे. २०१९ मध्ये लंडनच्या ‘गार्डियन’ पत्राने उघड केले, की ॲपलच्या ‘सिरी’ या बोलक्या साहाय्यकाने ध्वनिमुद्रित केलेल्या काही तुकड्यांचे कंत्राटी माणसे श्रवण करीत, आणि साहाय्यक चुकून जागा झाल्यामुळे डॉक्टर व रुग्ण यांचे बोलणेही त्यांच्या कानी पडे. कंपनीने ते काम थांबविले, क्षमा मागितली, आणि पुढे संमती देणाऱ्यांपुरतीच ही पद्धत ठेवली. याच साहाय्यकाविषयीच्या एका दाव्यात जानेवारी २०२५ मध्ये दोष मान्य न करता साडेनऊ कोटी डॉलरची तडजोड पुढे आली. ॲमेझॉनच्या काही बोलक्या उपकरणांत ध्वनी कंपनीकडे न पाठविता उपकरणातच हाताळण्याची मुभा होती. २८ मार्च २०२५ पासून ती काढून घेण्यात आली. म्हणजे विकत घेताना जी अट होती, ती पुढे दुरूनच बदलता येते. लाकडी कपाटाची फळी बदलावयास निदान सुतार घरी यावा लागतो!

या साऱ्याने सामान्य माणसाचे काय बिघडते, असा प्रश्न पुष्कळ जण करतात. त्याचे उत्तर अड्यारमध्येच शोधता येईल. डॉ. मुथुलक्ष्मी रेड्डी यांच्या अथक प्रयत्नांतून १९५४ मध्ये येथे कर्करोगावरील रुग्णालय सुरू झाले. आता अशी कल्पना करावी, की महाराष्ट्रातून एखादे कुटुंब आपल्या आईस घेऊन अशा रुग्णालयात आले आहे. तमिळ कोणास येत नाही. अहवाल इंग्रजीत आहे. मुलगा मोबाइलने अहवालाचे छायाचित्र घेतो आणि यंत्रास म्हणतो, हे मराठीत समजावून सांग. क्षणात उत्तर येते. परक्या गावी, चिंतेच्या घडीस, हा केवढा आधार! यंत्राचे हे उपकार नाकारण्याचे कारण नाही. पण त्या छायाचित्रात आईचे नाव आहे, वय आहे, रोगाचे नाव आहे. घरी धाकट्या मुलीचे लग्न ठरत असल्यामुळे आईचे दुखणे तूर्त कोणास सांगावयाचे नाही, असे कुटुंबाने ठरविले असेल. ते छायाचित्र आता कोठे कोठे आहे? मोबाइलमध्ये, कदाचित दूरच्या साठ्यात, कदाचित यंत्रास शिकविण्यासाठी बाजूस काढलेल्या मजकुरात. आणि तोच मोबाइल उद्या भाचा खेळावयास घेईल, तेव्हा आपण होऊन आठवण काढून देणारे यंत्र त्याच्यासमोर काय ठेवील? आपल्याकडे एक मोबाइल चौघे हाताळतात. एका माणसाचे एक यंत्र, असे गृहीत धरून केलेली व्यवस्था अशा घरात अपुरी पडते.

यंत्रास मराठी कळते, तीही कोणाच्या तरी बोलण्यातूनच. अड्यारला लागून असलेल्या आयआयटी मद्रासमध्ये ‘एआय-फॉर-भारत’ हे केंद्र भारतीय भाषांवर काम करते. २०२४ मध्ये त्याने प्रसिद्ध केलेल्या ध्वनिसंग्रहात मराठीसह २२ भाषांतील १६ हजारांहून अधिक माणसांचे बोलणे आहे. त्याचा एकूण अवधी ७ हजार तासांहून अधिक भरतो. गावोगावच्या माणसांची संमती घेऊन आणि त्यांना मोबदला देऊन हे बोलणे गोळा केले गेले. यंत्रास भाषा शिकवावयाची तर माणसांचे खासगी बोलणे नकळत उचललेच पाहिजे, असा काही सृष्टीनियम नाही, हे या उदाहरणावरून दिसते. मागून घेतलेले आणि न विचारता उचललेले, यांतील भेद फार जुना आहे.

कायद्याने हा भेद ओळखावयास मात्र बराच काळ घेतला. १९५४ च्या एम. पी. शर्मा खटल्यात आणि १९६२ च्या खडकसिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने खासगीपणास मूलभूत हक्काचे स्थान दिले नाही. खडकसिंगाच्या दारावर पोलीस रात्री-अपरात्री थाप मारीत. तेवढा प्रकार मात्र न्यायालयाने रद्द केला. त्या वेळी मद्रासमध्ये वकिली केलेले न्यायमूर्ती सुब्बा राव यांनी वेगळे मत नोंदविले, की सतत पाळतीखाली असलेला माणूस मोकळा म्हणताच येत नाही. १९९४ मध्ये मद्रासच्याच एका नियतकालिकाच्या खटल्यात, आपल्याला आपल्यापुरते राहू देण्याचा हक्क न्यायालयाने मान्य केला. अखेर २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायमूर्तींनी एकमताने खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरविला. त्यातील मुख्य निकालपत्र न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड यांनी लिहिले, आणि आणीबाणीतील ज्या बहुमताच्या निर्णयात त्यांचे पिताजी यशवंतराव चंद्रचूड सहभागी होते, तो निर्णयही त्याच निकालाने मोडीत निघाला.

त्यानंतर २०२३ मध्ये संसदेने व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा केला. संमती मोकळेपणाने दिलेली, विशिष्ट कामापुरती आणि समजून दिलेली असावी, असे तो सांगतो. संमतीपूर्वीची सूचना आठव्या परिशिष्टातील भाषांत, अर्थात मराठीतही, मागता येते. नियमभंगास २५० कोटी रुपयांपर्यंत दंड आहे. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले, आणि कंपन्यांवरील मुख्य बंधनांसाठी अठरा महिन्यांची मुदत ठेवण्यात आली. कायद्यास मर्यादाही आहेत. सरकारी यंत्रणांना त्यातून सूट देण्याची तरतूद आहे. आणि व्यक्तीने घरगुती कारणासाठी केलेला वापर त्याच्या कक्षेबाहेर आहे. घरातल्याच माणसाने दुसऱ्याचा मोबाइल चाळला, तर हा कायदा मदतीस धावत नाही.

म्हणून काही काळजी गृहस्थाने स्वतःच घेतली पाहिजे. नवे यंत्र घरी आले की प्रारंभीच्या प्रश्नांना घाईने होकार देण्याची सवय सोडावी. कोणती सोय यंत्रातच चालते आणि कोणती बाहेर मजकूर पाठविते, हे मांडणीच्या पानावर पाहावे. नको ती बंद करावी. आपला मजकूर यंत्रास शिकविण्यासाठी वापरू नये, असा पर्याय बहुधा असतो. तो शोधावा, आणि यंत्राची नवी आवृत्ती आली की पुन्हा तपासावा. अहवालाचे भाषांतर हवे असेल, तर नाव-पत्त्याचा भाग झाकून छायाचित्र घ्यावे. अर्थ तेवढाच कळतो. कचेरीचे कागद हा तर निराळाच विषय आहे. जानेवारी २०२५ मध्ये केंद्रीय अर्थखात्याने आपल्या कर्मचाऱ्यांना सरकारी संगणकांवर अशी साधने वापरू नयेत असे बजावले, ते याच भीतीने.

पण गृहस्थाच्या सावधगिरीने सारे काम भागत नाही. ‘रिकॉल’मधील उणीव बाजारात येण्यापूर्वी पकडली गेली, कारण ती वस्तू तज्ज्ञांच्या हाती होती आणि तिच्यातील वह्या त्यांना उघडता आल्या. भिंतीपलीकडील संगणकांची गोष्ट तशी नाही. ॲपलने २०२४ मध्ये आपल्या दूरच्या संगणकांवर चालणाऱ्या आज्ञावली बाहेरच्या परीक्षकांना तपासण्यास खुल्या केल्या, हे पाऊल त्या दृष्टीने स्वागतार्ह आहे. तो सर्वांसाठीच दंडक व्हावयास हवा. हॉजसन अड्यारला पोहोचला तेव्हा त्यास कपाट पाहावयास मिळाले नाही. त्यास साक्षीदारांच्या सांगण्यावर विसंबावे लागले, आणि तो वाद शंभर वर्षांनंतरही मिटला नाही. आजचे कपाट अजून भिंतीवर आहे. ते मागून-पुढून पाहून घेण्याची वेळ हीच आहे.