ग्राफिक्स कार्ड का महागले?

(तृतीय वर्ष कला, अर्थशास्त्र)

वसतिगृहातल्या आमच्या खोलीत आरशाशेजारी एक कागद चिकटवलेला आहे. तो माझ्या खोलीसोबत्याचा. हा गृहस्थ मंगळवेढ्याचा. कागदावर डाव्या बाजूला तारखा आणि साठवलेल्या रकमा आहेत. उन्हाळ्याच्या सुटीत झेरॉक्सच्या दुकानात काम केले त्याचे पैसे, दिवाळीत मामाने दिलेले पैसे, मेसचे दोन खाडे धरून वाचवलेले पैसे. उजव्या बाजूला एकच आकडा आहे, पण तो तीनदा खोडून पुन्हा लिहिलेला आहे आणि दर वेळी मोठा झालेला आहे. तो आकडा म्हणजे ग्राफिक्स कार्डाची किंमत. डावी बाजू मुंगीच्या पावलांनी चालते आहे आणि उजवी पुढे पळते आहे.

ही हकीकत मी आमच्या अर्थशास्त्राच्या सरांना सांगितली. सर हसून म्हणाले, "अरे, खेळण्याच्या वस्तूसाठी एवढा जीव कशाला टाकायचा?" मग क्षणभर थांबून म्हणाले, "पण किंमत का वाढते, ते मात्र शोधून काढ. मागणी-पुरवठ्याचे प्रकरण तीन वर्षे घोकता, एकदा तरी ते वापरून बघा." हा लेख म्हणजे सरांनी दिलेला तो गृहपाठ होय.

प्रथम ही वस्तू काय आहे ते पाहू. संगणकाचा पडदा म्हणजे ठिपक्यांची रांगोळी. साध्या पडद्यावर आडवे १९२० आणि उभे १०८० ठिपके असतात, म्हणजे एकूण वीस लाखांहून अधिक. खेळ चालू असताना ही संपूर्ण रांगोळी सेकंदाला साठ वेळा पुसून नव्याने भरावी लागते. प्रत्येक ठिपक्याचा रंग, त्यावरचा उजेड, त्याची सावली यांचे गणित वेगळे. म्हणजे सेकंदाला बारा कोटींवर ठिपके झाले. संगणकाचा मुख्य प्रोसेसर हा एखाद्या निष्णात बाईसारखा आहे. कोणतीही अवघड रांगोळी ती काढील, पण हात दोनच. ग्राफिक्स कार्डात मात्र सगळी आळीच रांगोळीला बसलेली असते. एकेकीचे कसब बेताचे, पण हजारो जणी आपापले ठिपके एकाच वेळी भरतात. या हजारो हातांना 'कोअर' म्हणतात.

या हातांचा उपयोग केवळ खेळापुरता नाही. माझ्या खोलीसोबत्याला आषाढी वारीवर चार मिनिटांचा चलत्पट करायचा आहे. त्यासाठी लागणारी 'ब्लेंडर' ही संगणक-प्रणाली फुकट मिळते. पण चार मिनिटांना, सेकंदाला चोवीस या हिशेबाने, ५,७६० चित्रे लागतात. कार्डाशिवाय एका चित्राला दहा मिनिटे धरली, तर अहोरात्र चाळीस दिवस लागतील. कार्डाने तेच चित्र मिनिटात झाले, तर काम चार दिवसांत उरकेल. चाळीस दिवस आणि चार दिवस यांतला फरक म्हणजे एखादी कलाकृती होणे आणि न होणे यांतला फरक आहे. तेव्हा ही केवळ खेळण्याची वस्तू नव्हे, एवढे सरांपुढे नम्रपणे मांडून पुढे जातो.

आता किमतीकडे वळू. या व्यवसायातली सर्वांत मोठी कंपनी एनव्हिडिया. ती १९९३ साली अमेरिकेत स्थापन झाली. तिच्या वरच्या दर्जाच्या कार्डांच्या जाहीर किमती पाहा. २०१७ साली 'जीटीएक्स १०८० टीआय' ६९९ डॉलरला होते. २०१८ साली त्याच्या जागी आलेले '२०८० टीआय' ९९९ डॉलरपासून पुढे विकले जाऊ लागले. २०२० साली '३०९०' १,४९९ डॉलर, २०२२ साली '४०९०' १,५९९ डॉलर आणि २०२५ साली '५०९०' १,९९९ डॉलर. आठ वर्षांत जवळजवळ तिप्पट! या काळात अमेरिकेतली सर्वसाधारण महागाई सुमारे तीस टक्के वाढली.

यावर कोणी म्हणेल, श्रीमंतांच्या गाडीशी आपल्याला काय करायचे? मधल्या वर्गाच्या कार्डाचे बोला. तेथे गंमत आहे. २०१६ साली 'जीटीएक्स १०६०' २४९ डॉलरला होते. २०१९ साली '२०६०' ३४९ डॉलर, २०२१ साली '३०६०' ३२९ डॉलर, २०२३ साली '४०६०' २९९ डॉलर आणि २०२५ साली '५०६०' तेही २९९ डॉलर. म्हणजे येथे किंमत उतरलेली दिसते! मग ओरड कशाची?

येथे आपल्या आजोबांचा आणेवारीचा हिशेब कामाला येतो. सर्वांत मोठ्या कार्डाला रुपया माना, म्हणजे सोळा आणे. '३०९०' मध्ये १०,४९६ कोअर होते आणि '३०६०' मध्ये ३,५८४, म्हणजे जवळजवळ साडेपाच आणे माल. किंमत मात्र साडेतीन आणेच. मधल्या गिऱ्हाइकाला थोडक्या पैशांत जास्त पदरात पडे. पुढच्या पिढीत '४०९०' मध्ये १६,३८४ कोअर झाले आणि '४०६०' मध्ये ३,०७२ राहिले, म्हणजे बरोबर तीन आणे माल. किंमतही तीन आणेच. नव्या पिढीचा एकेक हात जुन्यापेक्षा चपळ आहे, हे कबूल केले पाहिजे. पण मधल्या गिऱ्हाइकाला मिळणारा वरकड दोन आणे माल नाहीसा झाला. त्यातच '३०६०' वर १२ जीबी स्मृती होती, ती '४०६०' वर ८ जीबीवर आली. बिस्किटाच्या पुड्याची किंमत तीच ठेवून आतली बिस्किटे कमी करावीत, तसा हा प्रकार. अशी महागाई किंमतपत्रिकेवर दिसत नाही. म्हणूनच तिच्याविरुद्ध तक्रार करणेही अवघड जाते.

हे असे का घडले? याची कारणे एकावर एक रचली गेली आहेत.

पहिले कारण आभासी चलनाचे. २०१५ साली 'इथेरियम' नावाचे जाळे सुरू झाले. त्यातील व्यवहार पडताळण्यासाठी प्रचंड आकडेमोड करावी लागे, आणि जो ती आधी करील त्याला बक्षीस म्हणून नवे चलन मिळे. या आकडेमोडीला ग्राफिक्स कार्ड उत्तम चाले. झाले! २०१७-१८ मध्ये आणि पुन्हा २०२०-२२ मध्ये लोकांनी शेकड्याने कार्डे घेऊन गोदामांत मांडली. कार्ड ही उपभोगाची वस्तू न राहता नफ्याचे यंत्र बनले. खेळणारा आपल्या खिशाकडे पाहून किंमत देतो, पण यंत्रवाला पुढच्या नफ्याकडे पाहून देतो. या दोघांच्या लिलावात कोण जिंकणार, हे सांगायला अर्थशास्त्र शिकावे लागत नाही. त्याच वेळी टाळेबंदीमुळे घरोघर संगणकाची मागणी वाढलेली. नवे कार्ड विक्रीला आले की क्षणात संपे आणि थेटराबाहेरच्या ब्लॅकच्या तिकिटाप्रमाणे दुप्पट भावाने दुसरीकडे उगवे. २०२१ साली कंपनीने काही कार्डांवर या आकडेमोडीचा वेग मुद्दाम निम्मा केला, तरी ओघ थांबला नाही. अखेर १५ सप्टेंबर २०२२ रोजी इथेरियमने ती पद्धतच सोडली आणि हा बाजार बसला.

त्यानंतर गोदामांतली वापरलेली कार्डे स्वस्तात बाहेर आली. माझ्या मावसभावाने त्या दिवाळीत असेच एक घेतले. वरून चकचकीत पुसलेले होते. चार महिन्यांत त्याचा पंखा गेला आणि मग पडदा पट्ट्या-पट्ट्यांचा दिसू लागला. विकणाऱ्याने फोन उचलणे बंद केले. पावती नव्हतीच.

दुसरे कारण कारखान्याचे. एनव्हिडिया, एएमडी आणि इंटेल या तिन्ही कंपन्या आपापसांत स्पर्धा करतात खऱ्या, पण आज बाजारात असलेल्या त्यांच्या नव्या कार्डांच्या चिप्स तैवानातल्या एकाच कंपनीच्या कारखान्यात तयार होतात. तिचे नाव टीएसएमसी. ती १९८७ साली स्थापन झाली. या चिप्सवरच्या सर्वांत सूक्ष्म रेषा उमटवायला लागणारी अतिनील किरणांची अत्याधुनिक यंत्रे जगात नेदरलँड्समधली एएसएमएल ही एकच कंपनी बनवते. पूर्वी दर दोन वर्षांनी रेषा बारीक होत आणि त्याबरोबर माल स्वस्तही होई. आता रेषा बारीक होतात, पण कारखान्याचा खर्च वाढत जातो. एनव्हिडियाचे प्रमुख जेन्सन हुआंग यांनी २०२२ साली स्पष्टच सांगितले की, चिप्स उत्तरोत्तर स्वस्त होतील ही कल्पना आता इतिहासजमा झाली. यात तथ्य आहे, पण हे सांगणारा दुकानदार स्वतःच आहे, हेही विसरून चालणार नाही. सुट्या ग्राफिक्स कार्डांच्या बाजारात दहांपैकी आठांहून अधिक कार्डांवर याच एका कंपनीच्या चिप्स असतात. स्पर्धा लंगडी असली की भावही विकणाराच ठरवतो. २०२४ च्या डिसेंबरात इंटेलने २४९ डॉलरला १२ जीबी स्मृतीचे 'बी ५८०' आणले, तेव्हा गिऱ्हाइकांना झालेला आनंद पाहिला म्हणजे स्पर्धेचे मोल कळते.

तिसरे आणि आजचे सर्वांत मोठे कारण कृत्रिम बुद्धिमत्तेचे. याची सुरुवात मोठी विलक्षण आहे. २०१२ साली टोरांटो विद्यापीठातल्या संशोधकांनी चित्रे ओळखणारी एक संगणक-प्रणाली तयार केली आणि स्पर्धेत सर्वांना मागे टाकले. ती त्यांनी शिकवली होती खेळासाठी बाजारात मिळणाऱ्या दोन 'जीटीएक्स ५८०' कार्डांवर. रांगोळी भरणारे हात बुद्धीचे कामही करतात, हे जगाला तेव्हा उमगले. २०२२ च्या नोव्हेंबरात चॅटजीपीटी आले आणि मागणीचा बांध फुटला.

आकडेच पाहा. जानेवारी २०२० मध्ये संपलेल्या वर्षात एनव्हिडियाला खेळाच्या विभागातून साडेपाच अब्ज डॉलर मिळाले आणि मोठ्या संगणक-केंद्रांकडून सुमारे तीन अब्ज. जानेवारी २०२५ मध्ये संपलेल्या वर्षात खेळाच्या विभागाचे सुमारे ११ अब्ज झाले आणि संगणक-केंद्रांचे ११५ अब्ज! पाच वर्षांत घरातला थोरला धाकटा झाला. कारखान्यातली जागा मर्यादित आहे. त्याच जागेत संगणक-केंद्रासाठी वीस लाख रुपयांहून महाग विकली जाणारी चिप काढता येत असेल, तर तीस हजारांच्या कार्डासाठी कोण घाई करील? ज्या गिऱ्हाइकांच्या पैशांवर हे दुकान वीस वर्षे चालले, ती आज रांगेत मागे उभी आहेत.

हीच गोष्ट स्मृतीच्या चिप्सची. त्या प्रामुख्याने सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन या तीन कंपन्या बनवतात. तिघींचाही ओढा आता संगणक-केंद्रांकडे आहे. २०२५ च्या अखेरीस स्मृतीचे भाव झपाट्याने चढले, आणि मायक्रॉनने सामान्य ग्राहकांसाठी असलेला आपला 'क्रुशियल' हा व्यवसाय बंद करण्याचे डिसेंबरात जाहीर केले. भिंतीवरच्या कागदावरची शेवटची खाडाखोड त्याच सुमाराची आहे.

चौथे कारण खास आपले. कार्डाचा भाव डॉलरमध्ये ठरतो. २०१६ च्या मध्यास डॉलर सुमारे ६७ रुपयांना होता आणि डिसेंबर २०२५ मध्ये त्याने नव्वदी ओलांडली. २९९ डॉलरची वस्तू पहिल्या भावाने सुमारे २०,००० रुपयांची होते आणि दुसऱ्या भावाने सुमारे २६,९००. तिकडे एक सेंटही न वाढता इकडे सात हजारांचा फरक पडला. त्यावर १८ टक्के वस्तू व सेवा कर धरला की रक्कम ३१,७०० च्या पुढे जाते. वाहतूक आणि दुकानदाराचा नफा वेगळाच. अमेरिकेतल्या विद्यार्थ्याला ही आठवडाभराच्या कामाची कमाई असेल. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर दुकानाच्या काचेला नाक लावून उभ्या असलेल्या आमच्या मुलाला ती सहा महिन्यांची बचत आहे, आणि तीही पुरत नाही.

मग करावे काय? जाणकार सांगतात ते थोडक्यात असे : नव्याचा हव्यास सोडून मागल्या पिढीचे कार्ड पाहावे. नुसत्या क्रमांकाला न भुलता स्मृती किती आणि प्रत्यक्ष चाचणीत वेग किती ते तपासावे. जुने घ्यायचे तर पावती व हमी असल्याशिवाय आणि समोर तासभर चालवून पाहिल्याशिवाय घेऊ नये. गरज साधी असेल तर प्रोसेसरमध्येच असलेल्या ग्राफिक्सवर भागवावे.

पण हा झाला एकेकट्याचा उपाय. मला सुचतो तो वेगळा आहे. आपल्या ग्रंथालयात कोश आहेत, ज्ञानकोशाचे खंड आहेत. ते प्रत्येक विद्यार्थ्याने विकत घ्यावेत असे कोणी म्हणत नाही. महाग असतात म्हणूनच ते महाविद्यालय घेते आणि सर्वांना वापरू देते. महाविद्यालयाच्या संगणक-कक्षात असे कार्ड असलेले दोन संगणक ठेवले आणि चलत्पट, चित्रकला, भाषेचे संगणकीय काम करणाऱ्यांना वेळा नेमून दिल्या, तर साठ हजारांची वस्तू साठ जणांना पुरेल. सुटीच्या दिवसांत रात्री तो संगणक रिकामाच असणार, आणि चार दिवसांत एखादी वारी पूर्ण होऊ शकेल. प्राध्यापक मंडळींनी याचा विचार करावा, अशी विनंती आहे.

हा लेख लिहून झाल्यावर मी खोलीसोबत्याला वाचून दाखवला. त्याने सगळा ऐकला. मग उठून आरशाजवळ गेला, डाव्या बाजूला त्या दिवसाची तारीख घातली आणि पुढे लिहिले : चाळीस रुपये.