मोहल्ल्याचं नेट बंद पडण्याआधी हाक देतं. ती ऐकायची कशी?

दहावीचा निकाल लागला की अकरावीच्या ऑनलाइन प्रवेशाची धावपळ सुरू होते. पाठोपाठ महाडीबीटीवर शिष्यवृत्तीचे अर्ज, सीईटीचे फॉर्म. नेमक्या शेवटच्या तारखेच्या संध्याकाळी नेट गेलं की घराघरात एकच गोंधळ उडतो. केबलवाल्या भाईंना फोन लावला की उत्तर ठरलेलं असतं, ‘माणूस पाठवतोय.’ माणूस येतो, जिन्यातली पेटी उघडतो, आणि कळतं की लाइट सकाळीच गेली होती, बॅटरी दुपारपासून उतरत होती. म्हणजे त्या पेटीला पाच-सहा तास आधीच माहीत होतं. ऐकणारं कुणी नव्हतं, एवढंच.

नेटवर्कची छोटी ठिकाणं अचानक क्वचितच बंद पडतात. बहुतेक वेळा ती आधी हाक देतात. ही हाक दूर बसलेल्या माणसाच्या मोबाइलपर्यंत पोहोचवण्याची सोय आता चार-पाच हजार रुपयांत होऊ शकते. ती कशी, हे या लेखात आम्ही सोप्या भाषेत मांडत आहोत. आपल्या समाजातले अनेक तरुण केबल, ब्रॉडबँड आणि मोबाइल दुरुस्तीच्या धंद्यात आहेत. त्यांच्यासाठी, आणि त्यांच्या जोडणीवर अवलंबून असलेल्या कुटुंबांसाठीही हे समजून घेण्यासारखं आहे.

छोटी साइट म्हणजे काय?

भवानी पेठ, घोरपडे पेठ, कॅम्प, कोंढवा किंवा हडपसरचं सय्यदनगर घ्या. एखाद्या इमारतीच्या जिन्याखाली, गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत किंवा दुकानाच्या पोटमाळ्यावर एक कपाट असतं. त्यात ओएलटी नावाचं यंत्र, एक-दोन स्विच, इन्व्हर्टर, बॅटरी आणि एक पंखा. ओएलटीतून फायबरची तार निघते, वाटेत तिच्या फांद्या होतात आणि त्या घराघरात जातात. आठ पोर्टची ओएलटी असेल आणि एका पोर्टवर ६४ जोडण्या धरल्या, तर ५१२ घरं त्या एका कपाटावर चालतात. एवढ्या घरांचा अभ्यास, व्यवसाय आणि परदेशातल्या नातेवाइकांचे व्हिडिओ कॉल त्या कुलपाच्या आत असतात.

मोबाइल टॉवरचंही तत्त्व हेच आहे. फक्त तिथे ४८ व्होल्टची मोठी बॅटरी बँक, रेक्टिफायर आणि कित्येक ठिकाणी डिझेल जनरेटर असतो. मोठ्या कंपन्या हजारो टॉवरवर माणूस बसवत नाहीत. प्रत्येक टॉवरवरून वीज, बॅटरी, तापमान, दरवाजा आणि डिझेल यांची खबर एका मध्यवर्ती कक्षात जाते. व्होडाफोनने देशभरातल्या आपल्या नेटवर्कवर नजर ठेवणारा असा कक्ष पुण्यातच उभा केला. म्हणजे दुसऱ्या राज्यातल्या टॉवरची बॅटरी उतरली तरी पुण्यात कळतं. पण पुण्यातल्याच पेठेतल्या केबलवाल्या भाईंना आपल्या दोन गल्ल्यांपलीकडच्या कपाटाची खबर नसते. कारण खर्च. टेलिकॉमसाठी बनवलेली तयार यंत्रं हजारोंच्या घरात जातात आणि दहा-बारा कपाटं असलेल्या छोट्या व्यावसायिकाला ती परवडत नाहीत.

कशावर लक्ष ठेवायचं?

सगळं मोजायचा हट्ट धरला की खर्च वाढतो. छोट्या साइटला पाच गोष्टी पुरतात.

पहिली, मेन लाइट गेली का. पुण्यात गुरुवारी देखभालीसाठी वीज बंद ठेवण्याची पद्धत जुनी आहे, त्यामुळे हा अलार्म वरचेवर वाजणार. तो वाजला म्हणजे संकट आलं असं नाही, घड्याळ सुरू झालं एवढाच त्याचा अर्थ.

दुसरी, बॅटरी किती उरली. हिशेब साधा आहे. १२ व्होल्ट, १५० अँपिअर-अवरची बॅटरी म्हणजे कागदावर १,८०० वॉट-अवर. बॅटरी पूर्ण रिकामी करायची नसते आणि इन्व्हर्टरही काही वीज खातो, म्हणून हाती साधारण १,१५० उरतात. यंत्रं १०० वॉट घेत असतील तर अकरा तास मिळाले. बॅटरी जुनी होऊन अर्धी झाली असेल तर पाच-साडेपाच तास. लाइट गेली तेव्हा नेट किती वेळ चालणार, हे भाईंना या हिशेबाने आधीच सांगता येतं. व्होल्टेज ११.८ च्या खाली आलं की इशारा लावावा. जनरेटर किंवा दुसरी बॅटरी न्यायला वेळ मिळतो.

तिसरी, तापमान. शिशाच्या बॅटरीचं आयुष्य २५ अंशांच्या आसपास मोजलेलं असतं. त्यावर दर दहा अंश वाढीला आयुष्य जवळपास निम्मं होतं. एप्रिल-मेमध्ये पत्र्याच्या खोलीत काय होत असेल ते आपणच समजून घ्या. पंखा बंद पडल्याची खबर वेळेवर मिळाली तर एक बॅटरी वाचते, आणि तेवढ्यात या सगळ्या यंत्रणेचा खर्च वसूल होतो.

चौथी, दरवाजा. बॅटरी आणि तांब्याची तार यांवर चोरांचा डोळा असतो. दार उघडलं की खबर आलीच पाहिजे.

पाचवी, धूर आणि पाणी. जिन्याखालच्या कपाटात पावसाळ्यात पाणी शिरतं. २५ जुलै २०२४ ला पुण्यात काय झालं ते विसरता येत नाही. खडकवासल्यातून पाणी सोडल्यावर सिंहगड रोडच्या एकता नगरीत पाणी भरलं आणि त्याच दिवशी पुलाची वाडी भागात विजेचा धक्का लागून तीन तरुणांचा जीव गेला. अशा वेळी सुरक्षेसाठी वीज बंद ठेवावीच लागते. मग १०८ ला फोन लावणं, आईवडिलांची खैरियत विचारणं, हे सगळं बॅटरीवर चालणाऱ्या नेटवर्कवर येऊन ठेपतं. आणि पाण्याचा अलार्म वाजला की माणसाने भिजलेल्या कपाटाला हात लावायला धावायचं नाही. आधी वीज तोडायची, मगच जवळ जायचं.

पेटी काम कशी करते?

मूळ कल्पना दाराच्या बेलइतकी सोपी आहे. दोन तारा एकमेकींना जुळल्या की एक अर्थ, सुटल्या की दुसरा. याला ड्राय कॉन्टॅक्ट म्हणतात, म्हणजे ज्यातून बाहेरची वीज येत नाही असा कोरा संपर्क. बऱ्याच मोठ्या यूपीएस, रेक्टिफायर आणि धूर-सेन्सरला असे दोन स्क्रू दिलेलेच असतात. त्यातून तारा आणून छोट्या कंट्रोलर बोर्डला जोडायच्या. ईएसपी३२ नावाचा बोर्ड यासाठी सर्रास वापरतात.

इथे एक नियम पाळावा. सगळं ठीक असताना सर्किट जुळलेलं असावं आणि बिघाडात सुटावं. मग उंदराने तार कुरतडली किंवा चोराने कापली तरी अलार्म वाजतोच. उलटं जोडलं तर तुटलेली तार ‘सब ठीक है’ असंच सांगत राहते.

मेन लाइट ओळखायला २३० व्होल्ट थेट बोर्डला कधीही जोडू नयेत. जिवाशी खेळ होईल. सुरक्षित युक्ती अशी: इन्व्हर्टरच्या आधीच्या, म्हणजे थेट मेनच्या सॉकेटवर चांगल्या प्रतीचा मोबाइल चार्जर लावायचा आणि त्याच्या ५ व्होल्टवर एक छोटा रिले चालवायचा. लाइट असेपर्यंत रिले ओढलेला, गेली की सुटला. बोर्डला फक्त रिलेचा कोरा संपर्क दिसतो. सॉकेटचं आणि बॅटरीचं काम जाणत्या इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्यावं.

खर्चाचा अंदाज

बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत हे बहुतेक सामान मिळतं. ईएसपी३२ बोर्ड चारशे ते सहाशे, फोर-जी मोडेम दीड ते अडीच हजार, दरवाजाचा चुंबकी स्विच, तापमानाचा आणि पाण्याचा सेन्सर मिळून तीनशेच्या आसपास, धुराचा सेन्सर पाचशे ते हजार, बाकी रिले, चार्जर, छोटी बॅटरी आणि डबा. दुकानागणिक भाव बदलतात, पण एकूण पाच हजारांच्या आसपास काम होतं. ५१२ घरांत वाटलं तर घरामागे दहा रुपयेही पडत नाहीत.

मोडेम घेताना स्वस्त म्हणून टू-जी घेऊ नये. जिओकडे टू-जी सेवाच नाही, आणि इतरांची किती वर्षं टिकेल यावर धंदा उभा करू नये. सिमसाठी मोठ्या डेटा पॅकची गरज नाही. डिसेंबर २०२४ मध्ये ट्रायने कंपन्यांना फक्त कॉल आणि एसएमएसचं वेगळं व्हाउचर ठेवणं बंधनकारक केलं. इशारे एसएमएसने पाठवायचे असतील तर तेवढं पुरतं. सिम मालकाच्या नावावर असावं, कामावरच्या मुलाच्या नावावर नको. उद्या तो काम सोडून गेला की अलार्मही त्याच्यासोबत जातो.

मौन म्हणजे खैरियत नव्हे

स्वस्त यंत्रणा फसते ती इथे. पेटी साइटच्याच नेटवरून मेसेज पाठवत असेल तर नेट गेल्यावर मेसेजही जाणार नाही. म्हणून तीन गोष्टी आवश्यक आहेत. पेटीला स्वतःची छोटी बॅटरी असावी. मेसेज जायला साइटच्या फायबरखेरीज मोबाइलची दुसरी वाट असावी. आणि पेटीने दर काही मिनिटांनी ‘मी हजर आहे’ असं कळवत राहावं.

आम्ही शिक्षक आहोत, म्हणून वर्गाचंच उदाहरण देतो. हजेरीत नाव पुकारल्यावर जो ‘हजर’ म्हणत नाही, त्याला आपण गैरहजरच धरतो. तो आहे पण बोलत नाही, असं मानत नाही. अलार्मलाही हाच कायदा लावावा. पाच-पाच मिनिटांची हजेरी ओळीने तीनदा चुकली की दुसऱ्या टोकाच्या संगणकाने आपणहून इशारा द्यावा. ही हजेरी नेटवरून, एमक्यूटीटी या हलक्या पद्धतीने जाते. १९९९ मध्ये ही पद्धत तेलाच्या पाइपलाइनवर दुरून लक्ष ठेवण्यासाठीच तयार झाली होती, म्हणून कमी डेटात ती छान चालते. हजेरी तपासायला झॅबिक्ससारखं सॉफ्टवेअर फुकट मिळतं. टेलिग्रामवर इशारे पाठवणारा बॉटही फुकट बनतो.

जे आधीच हातात आहे ते वापरा

काही खबर तर एकही पैसा न खर्चता मिळते. घरातल्या फायबर बॉक्सची लाइट गेली की बंद पडता पडता तो ओएलटीला एक शेवटचा संदेश पाठवतो. त्याला डाइंग गॅस्प, म्हणजे अखेरचा श्वास म्हणतात. बहुतेक बॉक्समध्ये ही सोय असते. हा संदेश आला तर त्या घरात वीज नाही. तो न येता एका फांदीवरची दहा घरं एकदम गायब झाली तर शक्यता हीच की फायबर तुटली. पहिल्या बाबतीत माणूस पाठवायची गरज नाही, दुसऱ्यात लगेच पाठवायला हवा. ओएलटीच्या पडद्यावर ही नोंद असते. बघण्याची सवय हवी.

सोबत एक खबरदारी. यंत्रासोबत आलेला पासवर्ड तसाच ठेवू नये आणि देखरेखीच्या एसएनएमपी सोयीत ‘पब्लिक’ हा नेहमीचा परवलीचा शब्द राहू देऊ नये. नाहीतर आपण लावलेल्या खिडकीतून दुसराच डोकावेल.

ऐकणारा कोण?

सगळी यंत्रं लावूनही शेवटी प्रश्न माणसाचाच. दिवसाला पन्नास मेसेज आले तर ‘लांडगा आला रे आला’ होतं आणि एक्कावन्नावा कुणी वाचत नाही. म्हणून लाइट दोन-तीन मिनिटांपेक्षा जास्त वेळ गेली तरच मेसेज यावा. आधी तंत्रज्ञाला, दहा मिनिटांत त्याने उत्तर दिलं नाही तर मालकाला. आणि महिन्यातून एकदा मुद्दाम दार उघडून, पाण्याचा सेन्सर ओला करून, लाइट पाडून चाचणी घ्यावी. गुरुवारची वीजबंदी ही तर आयती परीक्षा आहे: त्या दिवशी किती कपाटांचा मेसेज आला आणि किती गप्प राहिली, हे वहीत लिहून ठेवावं.

कुटुंबांनीही आपल्या केबलवाल्या भाईंना दोन प्रश्न अदबीने विचारावेत: लाइट गेल्यावर आपल्या गल्लीचं नेट किती तास चालतं? आणि बॅटरी उतरत असल्याचं तुम्हाला आमच्या फोनआधी कळतं का? दहा घरांनी विचारलं तर पाच हजारांची पेटी लागायला वेळ लागणार नाही.

शाळांकडेही आमचं एक मागणं आहे. २०१६ पासून अनेक शाळांत अटल टिंकरिंग लॅब आल्या आहेत. सहावी ते बारावीच्या मुलामुलींना तिथे असेच बोर्ड आणि सेन्सर हाताळायला मिळतात. विज्ञान प्रदर्शनात दरवर्षी थर्माकोलचा ज्वालामुखी ठेवण्याऐवजी शाळेच्याच संगणक कक्षाच्या इन्व्हर्टरला अशी पेटी लावून पाहावी. हात बसला की पुढे आयटीआयचा इलेक्ट्रॉनिक्स मेकॅनिकचा दोन वर्षांचा कोर्स आहे. आपल्या वस्त्यांत अशी कपाटं शेकड्यांनी आहेत आणि त्यांची हाक ऐकणारे हात अजून मोजकेच. हे काम शिकलेल्या मुलाला किंवा मुलीला घराजवळच रोजी मिळू शकते.