गालावरची घडी आणि चिमूटभर जेल

भिलाईच्या हथखोज औद्योगिक वसाहतीत सगळा हिशेब टनांचा. ट्रेलरवरून उतरणारी प्लेट टनांत, वेल्डिंग होऊन बाहेर पडणारा गर्डरही टनांत. पोलादाचा भाव किलोला पन्नास-साठ रुपयांच्या आसपास. असे आकडे रोज कानावर पडत असताना एका वेगळ्याच मालाचा भाव कळला आणि मी कागद-पेन घेऊन बसले.

नाकपुडीपासून ओठाच्या कोपऱ्यापर्यंत उतरणारी घडी म्हणजे हास्यरेषा. ती भरायला त्वचारोगतज्ज्ञ फिलर नावाचं जेल टोचतात. आपल्याकडे एका सिरिंजचे साधारण 15 ते 35 हजार रुपये पडतात आणि दोन्ही गालांना मिळून बहुधा एक-दोन सिरिंज लागतात. सिरिंजमध्ये असतं 1 मिलीलिटर, म्हणजे चहाच्या चमच्याचा पाचवा हिस्सा. त्यातही बरंचसं पाणी. खरा पदार्थ, हायलुरोनिक ॲसिड, असतो जेमतेम 20 मिलिग्रॅम. सिरिंज 20 हजारांची धरली तर ग्रॅमला 10 लाख रुपये! सोनंही याच्यापुढे स्वस्त वाटावं.

गंमत अशी की हा पदार्थ आपल्या प्रत्येकाच्या अंगात आहे. मोठ्या माणसाच्या शरीरात तो साधारण 15 ग्रॅम असतो, त्यातला जवळजवळ एक तृतीयांश रोज मोडतो आणि तेवढाच रोज नव्याने तयार होतो. वरच्या भावाने रोजचा पन्नास लाखांचा माल, तोही फुकट. 1934 मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात कार्ल मेयर आणि जॉन पामर यांना तो गाईच्या डोळ्यातल्या पारदर्शक गरात सापडला. ग्रीक भाषेत काचेला ‘हायलोस’ म्हणतात, त्यावरून हे नाव. पुढे तो कोंबड्याच्या तुऱ्यातून काढू लागले. तुरा ताठ आणि रसरशीत दिसतो तो याच पाणी धरून ठेवणाऱ्या पदार्थामुळे. मोतीबिंदूच्या कित्येक ऑपरेशनांत डोळ्याच्या आत जागा धरून ठेवायलाही तोच वापरतात. आता बहुतेक माल टाक्यांमध्ये जिवाणूंकडून, आंबवून तयार होतो.

मग एवढी किंमत कशाची? नुसतं हायलुरोनिक ॲसिड टोचलं तर शरीर ते एक-दोन दिवसांत विरघळवून टाकतं. म्हणून कारखान्यात त्याच्या लांबलचक साखळ्या एकमेकींना रासायनिक दुव्यांनी बांधतात. जाळं विणल्यासारखंच. मग ते साधारण सहा महिने ते दीड वर्ष टिकतं. जिवाणूंचा अंशही उरणार नाही इतकं शुद्धीकरण, निर्जंतुकीकरण आणि चाचण्या यांचा खर्च त्यात आला. पण सगळ्यात मोलाचा आहे टोचणाऱ्याचा हात. या घडीच्या अगदी लगत चेहऱ्याची धमनी वर जाते आणि तिच्या फांद्या डोळ्याकडच्या रक्तवाहिन्यांना मिळतात. जेल चुकून धमनीत गेलं तर कातडी काळी पडून मरू शकते, क्वचित दृष्टीही जाते. त्यावर उतारा आहे तो हायलुरोनिडेज. हा पदार्थ जेलचं पाणी करतो. सापाच्या आणि मधमाशीच्या विषातही त्याचेच भाऊबंद असतात, विष अंगात झरझर पसरतं ते त्यांच्यामुळे.

मला मात्र खुद्द त्या घडीचंच जास्त नवल वाटतं. गालाचे स्नायू तिथे येऊन कातडीला चिकटलेले असतात. हसलं की ते ओठ वर खेचतात आणि गाल त्या बांधावर येऊन थांबतो. हसणाऱ्या तान्ह्या बाळालाही ती पडते. अर्धांगाचा झटका आल्याचा संशय असला की डॉक्टर दात दाखवायला सांगतात, कारण लुळ्या पडलेल्या बाजूची घडी सपाट होते. म्हणजे ती रेघ दिसणं हे मेंदूपासून चेहऱ्यापर्यंतची वाट शाबूत असल्याची खूण आहे.

वयाबरोबर गालाची चरबी खाली उतरते, कातडी घट्ट ठेवणारं कोलॅजन झिजतं आणि घडी कायमची बसते. त्यात भर घालतं ऊन. 2012 मध्ये अमेरिकेतल्या एका वैद्यकीय नियतकालिकात 28 वर्षं ट्रक चालवलेल्या 69 वर्षांच्या माणसाचा फोटो छापून आला होता. खिडकीकडचा डावा गाल सुरकुत्यांनी भरलेला, उजवा कितीतरी तरुण. अतिनील किरणांतला एक भाग काचेतूनही येतो. हथखोजला ट्रेलर घेऊन येणाऱ्या ड्रायव्हरदादांची खिडकी उजवीकडे, त्यांनी उजवा गाल जपावा. वेल्डिंगच्या झगझगीत उजेडातही अतिनील किरण असतात. तोंडापुढे काच धरणाऱ्या वेल्डरचा गळा उघडा राहिला तर संध्याकाळी तेवढाच लालबुंद झालेला दिसतो. चारपाचशे रुपयांची सनस्क्रीनची ट्यूब आणि गळ्याभोवतीचा सुती गमछा ही सिरिंजच्या कितीतरी आधीची पायरी आहे.

तरीही ज्याला घडी भरून घ्यायची असेल त्याने खुशाल घ्यावी. चेहरा त्याचा, पैसे त्याचे. फक्त हे पैसे खिशातूनच जातात. सौंदर्यासाठीच्या उपचारांना आरोग्य विमा पैसे देत नाही, आणि इतर वैद्यकीय उपचारांना असलेली जीएसटीची सूटही सौंदर्यशस्त्रक्रियेला मिळत नाही. म्हणूनच कोणी निम्म्या दरात करून देतो म्हणालं की मन तिकडे वळतं. ब्यूटी पार्लरच्या खुर्चीत हे करून घेऊ नका. त्वचारोगतज्ज्ञाकडे किंवा प्लास्टिक सर्जनकडेच जा, सिरिंजचं सील तुमच्यासमोर फोडायला सांगा, आणि हायलुरोनिडेजची बाटली त्याच खोलीत आहे ना, हे सुई टोचण्याआधी विचारा.