सिंहाच्या मुलखात रानकुत्र्यांचा संसार

टीव्हीवर आफ्रिकेच्या जंगलाचा कार्यक्रम लागला की घरातली मुले हमखास विचारतात, सिंह आणि रानकुत्रे यांची लढाई झाली तर जिंकेल कोण? मोठी माणसे चटकन सांगून मोकळी होतात, सिंह! उत्तर बरोबर आहे, पण अपुरे आहे. कारण रानकुत्र्यांचे सारे शहाणपण ही लढाई होऊच न देण्यात आहे. शिकार कुठे करायची, पिल्लांसाठी बीळ कुठे निवडायचे, हे पुष्कळ अंशी सिंहाचा वावर कुठे आहे यावर ठरते.

आधी नावाचा घोळ मिटवू. आपल्या ताडोबा, मेळघाट, नागझिऱ्याच्या रानात दिसतो तो तांबूस रानकुत्रा, म्हणजे कोळसून किंवा कोळसुंदा, निराळा. आफ्रिकेतला रानकुत्रा त्याचा दूरचा भाऊबंद. अंगावर काळे, पिवळे, पांढरे ठिपके, जणू रंगाऱ्याने आपले कुंचले त्याच्यावरच पुसले. कोणत्याही दोन कुत्र्यांचे ठिपके सारखे नसतात, म्हणून अभ्यासक फोटोवरून एकेकाला ओळखतात. कान मोठे व गोल, पायाला चारच बोटे आणि वजन वीस ते तीस किलो. त्याच्यासमोर सिंहीण सव्वाशे किलोची आणि नर सिंह त्याहून बराच भारी. लढाईचा हिशेब इथेच संपतो.

सिंह रानकुत्र्याला मारतो, पण सहसा खात नाही. मग मारतो कशाला? कारण दोघांचे भक्ष्य बऱ्याच अंशी एकच. हरीण मारणारा दुसरा कोणी आपल्या हद्दीत नको, एवढाच मामला. दक्षिण आफ्रिकेच्या क्रूगर राष्ट्रीय उद्यानात १९९० च्या दशकात अभ्यास झाला, तेव्हा रानकुत्र्यांच्या नैसर्गिक मृत्यूंमागे सिंह हे फार मोठे कारण असल्याचे आढळले. त्याहून विचार करायला लावणारी गोष्ट पुढेच आहे. जिथे हरणे सर्वात जास्त, तिथे रानकुत्रे कमी सापडले. भरलेले ताट समोर दिसत असूनही ते तिकडे फिरकत नव्हते, कारण त्या ताटाभोवती सिंह बसलेले होते.

टांझानियातील सेरेंगेटीची हकीकत तर चटका लावणारी आहे. तिथे १९६६ ते १९९८ या काळात सिंहांची संख्या जवळजवळ तिप्पट झाली. त्याच काळात रानकुत्रे घटत गेले आणि १९९१ मध्ये अभ्यासाखालचे कळप दिसेनासे झाले. कोणी रेबीजला दोष दिला, कोणी अभ्यासकांच्या हाताळणीला. हा वाद बराच गाजला. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने सिंहांच्या वाढीकडे बोट दाखविले. नवल म्हणजे चित्त्यांच्या संख्येवर या वाढीचा तसा परिणाम झाला नाही. चित्ता एकटादुकटा, सिंह दिसला की थोडा बाजूला सरकून तिथेच दबून राहतो. रानकुत्र्यांच्या गोतावळ्याला ते कसे जमावे? त्यांनी तो मुलूखच सोडला. पुढे ते टिकलेले दिसले ते उद्यानाच्या पूर्वेला, जिथे सिंह विरळ आहेत.

बिबळ्याशी मात्र सामना वेगळा रंगतो. एकटा कुत्रा किंवा पिल्लू तावडीत सापडले तर बिबळ्या सोडत नाही. पण कळप चालून आला की तोच बिबळ्या मुकाट झाड गाठतो. खाली दहा-पंधरा कुत्री गोल धरून उभी आणि वर फांदीवर हा गुरगुरतोय, असे दृश्य आफ्रिकेत अनेकांनी पाहिले आहे. त्याने मारलेले हरीण झाडावर न्यायच्या आत कळप पोचला तर ते कुत्र्यांचे होते! तरसांच्या बाबतीतही डोकी मोजली जातात. कळप मोठा असेल तर आपली शिकार राखतो, लहान असेल तर टाकून निघून जातो.

अशी लूट रानकुत्र्यांना किती महाग पडते? १९९८ साली क्रूगरच्या अभ्यासकांनी हिशेब मांडला की, हा प्राणी दिवसाला साडेतीन तास शिकार करून भागवतो, पण चौथा हिस्सा अन्न चोरीला गेले तर त्याला बारा तास धावावे लागेल. हा हिशेब सगळीकडे सांगितला गेला. २०१६ साली बोट्स्वानात कुत्र्यांच्या गळ्यात यंत्रे बांधून त्यांची धाव मोजली, तेव्हा वेगळेच निघाले. ते लांब पाठलाग फारसे करीत नाहीत. छोट्या छोट्या धावा घेतात, त्यातल्या बहुतेक फुकट जातात. पण मिळालेले सर्वजण वाटून खातात, म्हणून थोडीफार लूट त्यांना पचते. मला हा दुसरा हिशेब अधिक पटतो. मोकळे रान आणि झाडीचे रान यांत फरक असणारच, पण वाटून खाण्याची बाब दोन्हीकडे खरी आहे.

या वाटपाची रीत पाहण्याजोगी आहे. शिकार पडली की पिल्लांना आधी खाऊ देतात, थोर मंडळी थांबतात. बिळाशी राखण करायला मागे राहिलेल्याला, जखमी झालेल्याला आणलेले मांस ओकून भरवतात. निघायचे की नाही हेही ठरवतात, तेही शिंकून! २०१७ साली बोट्स्वानातूनच हा शोध पुढे आला. कळपातल्या मुख्य जोडीपैकी कोणी उठले तर तीनेक शिंका पुरतात, साध्या सदस्याने पुढाकार घेतला तर दहाएक लागतात. म्हणजे मतदान आहे, पण सर्वांच्या मताचे मोल सारखे नाही.

पिल्ले असतात तेव्हा या कुटुंबाचा जीव टांगणीला लागतो. एरवी शेकडो चौरस किलोमीटर भटकणारा कळप दोन-तीन महिने एका बिळाशी बांधला जातो. सिंहाला त्याचा पत्ता लागला तर धडगत नाही. झिंबाब्वेच्या माना पूल्स उद्यानातील टेट नावाच्या वयोवृद्ध मादीची कथा बीबीसीच्या २०१८ मधील 'डायनॅस्टीज' मालिकेने जगाला दाखविली. तिच्याच मुलीच्या कळपाने तिला हुसकले, तेव्हा ती सिंहांच्या हद्दीत शिरली. शेवटी सिंहानेच तिचा बळी घेतला.

सिंहाची ही भीती शिकावी लागते. नामिबियातील एटोशा उद्यानात रानकुत्रे पुन्हा वसविण्याचे प्रयत्न फसले. सिंहांनी अनेकांना मारले, उरलेल्यांवर रेबीजने घाला घातला. उलट मोझांबिकच्या गोरोंगोसात २०१८ साली दक्षिण आफ्रिकेतून चौदा कुत्रे नेले, ते रुजले. लढायांनी उजाड झालेल्या त्या उद्यानात सिंह तेव्हा कुठे सावरत होते, बिबळे जवळजवळ नव्हतेच. भरपूर हरणे आणि थोडेच सिंह, असे रान त्यांच्या वाट्याला क्वचितच येते.

एरवी सिंहापासून पळालेला कळप जातो कुठे? झिंबाब्वेच्या ह्वांगे उद्यानातले कळप सीमेबाहेर सरकले. तिथे सिंह कमी, तरस कमी, पिल्लांना जागा बरी. पण तिथेच तारेचे फास लावलेले होते, भरधाव गाड्यांचा हमरस्ता होता, गावकुत्र्यांचे रोग होते. अभ्यासकांना आढळले की बाहेर माणसामुळे मरणारे कुत्रे इतके, की सुरक्षित वाटणारी ती जागा प्रत्यक्षात सापळाच ठरली. फास लावणाऱ्याला कुत्रा नको असतो. त्याला हरीण हवे असते, घरच्या चुलीसाठी किंवा बाजारासाठी. कुत्रा वाटेत अडकतो. सिंहाचा वास येतो, डरकाळी ऐकू येते, त्यावरून अंतर राखता येते. तारेला ना वास, ना आवाज.

या प्राण्याचे माणसाशी वैर जुने आहे. गोऱ्या राजवटीत त्याला उपद्रवी ठरवून अभयारण्यांतसुद्धा गोळ्या घातल्या जात. जिवंत हरीण फाडतो म्हणून तो क्रूर, आणि सिंह मात्र राजा! पदव्या वाटणारा बंदूकवाला होता, एवढेच म्हणता येईल. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या २०१२ च्या अंदाजानुसार सुमारे ६,६०० रानकुत्रे उरले होते आणि त्यात प्रजननक्षम केवळ १,४०० च्या आसपास. १९९० पासून तो संकटग्रस्तांच्या यादीत आहे.

ह्वांगेजवळ 'पेंटेड डॉग कॉन्झर्व्हेशन' ही संस्था गावकऱ्यांच्या तुकड्या घेऊन रान विंचरते आणि फास काढते. काढलेली तार फेकून देत नाहीत. तिथलेच कारागीर ती वळवून छोटे छोटे रानकुत्रे बनवतात आणि विकतात.