आवडीचा रकाना

मावळात नव्या माणसाची ओळख करून घेण्याची रीत ठरलेली आहे. गाव कोणतं, आडनाव काय, तिथले अमुक तुमचे कोण, या तीन प्रश्नांत समोरच्याला कुठे बसवायचं ते पक्कं होतं. आंदर मावळ, नाणे मावळ की पवन मावळ, एवढं कळलं तरी पुढचं बरंचसं ऐकणारा मनाशी जुळवून घेतो. ही उत्तरं खरी असतात, पण देणाऱ्याने ती निवडलेली नसतात. जन्माबरोबर आलेली असतात. याच तालुक्यातल्या दहावीच्या वर्गांत निरोप समारंभाच्या आगेमागे एक वही फिरते, तिच्यातले प्रश्न मात्र निराळे असतात. आवडता हिरो कोण, आवडतं गाणं कोणतं, खेळाडू कोण, पदार्थ कोणता, रंग कोणता. हिला स्लॅमबुक म्हणतात. मोठ्यांच्या लेखी हा ऐन परीक्षेच्या तोंडावरचा पोरखेळ. तो पोरखेळ आहे हे मला मान्य आहे. माझा मुद्दा असा, की पोरखेळ असल्यामुळेच या वहीला एक काम जमतं, जे गंभीर प्रश्नावल्यांना जमत नाही. माणसाला त्याने स्वतः निवडलेल्या गोष्टींवरून ओळखायचं, हे ते काम. उत्तरावर गुण, नोकरी, लग्न असं काहीही अवलंबून नसेल तेव्हाच ते होतं.

वही भरली कशी जाते ते नीट पाहावं. बाजारातलं स्लॅमबुक जाड पुठ्ठ्याचं, रंगीत पानांचं, कधी इवलंसं कुलूप लावलेलं, आणि त्यातले प्रश्न बहुधा इंग्रजीत छापलेले असतात. ज्यांना ते परवडत नाही किंवा पुरत नाही, ते शंभर पानी वहीत पट्टीने रेघा ओढून आपली प्रश्नावली आपणच तयार करतात. दोन्हींत क्रम साधारण सारखाच. आधी नाव, टोपणनाव, वाढदिवस. मग आवडींची लांबलचक यादी. मग फजितीचा प्रसंग, मोठेपणी काय व्हायचंय. आणि अगदी शेवटी ‘माझ्याबद्दल तुझं मत’ व सही. सोपं आधी विचारावं आणि नाजूक शेवटी, हा नियम सर्वेक्षण करणारे शिकून घेतात. पंधरा वर्षांच्या मुलीला तो न शिकवता कळलेला असतो. वही हातात पडली की लिहिणारा आधी मागची पानं वाचून काढतो, मग पेन उघडतो. शिवाय वही एक रात्र त्याच्या घरी मुक्कामाला जाते, तिथे भावंडं ती चाळतात. म्हणजे वहीच्या मालकिणीला दिलेलं प्रत्येक उत्तर आणखी पाच-पंचवीस वाचकांच्या नजरेखालून जाणार, हे धरूनच लिहिलेलं असतं. कुणी हिरोचं नाव ठसठशीत अक्षरात लिहितो, कुणी ‘खूप आहेत’ म्हणून सुटका करून घेतो, कुणी ‘सांगणार नाही’ म्हणतो. आणि कुणी लिहितो, ‘तुला माहीतच आहे.’ माहिती म्हणून पाहिलं तर हे उत्तर कोरं आहे. पण दोघांत आधीपासून काही बोलणं आहे, हे त्याने बाकीच्या वाचकांना कळवून टाकलेलं असतं.

आता याच मुलांना आवड आणखी कुठे विचारली जाते ते पाहू. शाळेत निबंध असतो: माझा आवडता ऋतू, माझा आवडता नेता, माझा आवडता सण. वर्षानुवर्षं हे विषय येतात आणि त्यांची तयार उत्तरं मार्गदर्शकांत छापलेली मिळतात. आवडता ऋतू बहुतेकदा पावसाळाच निघतो, कारण पावसाळ्याची वाक्यं पाठ असतात. ज्या तालुक्यात चार महिने कपडे वाळत नाहीत, भात लावणीत कंबर मोडते आणि सुट्टीच्या दिवशी पर्यटकांच्या गाड्यांनी रस्ते अडतात, तिथला विद्यार्थीही हिरव्या शालूची तीच उपमा उतरवतो. निबंधाला गुण असतात, त्यामुळे प्रश्न आवडीचा असूनही उत्तर अभ्यासक्रमाचं येतं. पुढे लग्नाच्या बायोडेटात पुन्हा आवडीची ओळ येते. वाचन, संगीत, स्वयंपाक, प्रवास. तिथे लिहिलेली आवड पसंतीला उतरावी म्हणून लिहिलेली असते; रात्री उशिरापर्यंत दाक्षिणात्य मारधाडीचे डब सिनेमे पाहायला आवडतात, असं कुठली उपवर मुलगी तिथे लिहील? स्लॅमबुकात मात्र ती बिनदिक्कत लिहून मोकळी झालेली असते.

याचा आणखी चोख पुरावा याच तालुक्यातल्या लोणावळ्यात मिळतो. पुण्या-मुंबईच्या कंपन्या आपल्या माणसांना इथल्या रिसॉर्टांवर घेऊन येतात आणि पहिल्या सत्रात ओळखीचे खेळ ठेवतात. आवडता सिनेमा सांगा, निर्जन बेटावर कोणतं पुस्तक न्याल, तुमच्यावर चित्रपट निघाला तर तुमची भूमिका कुणी करावी. हे प्रश्न स्लॅमबुकातल्या प्रश्नांचे सख्खे भाऊच. पण गोलात साहेब बसलेले असतात आणि पगारवाढ त्यांच्या हातात असते. मग सिनेमा प्रेरणादायी निघतो, पुस्तक यशस्वी उद्योजकाचं निघतं. त्याच संध्याकाळी, साहेब झोपायला गेल्यावर, गाण्याच्या भेंड्या सुरू होतात आणि खरी आवड तिथे बाहेर पडते. कुणाला दादा कोंडक्यांची गाणी कडव्यांसकट पाठ आहेत, कुणाला नव्वदच्या दशकातली कुमार सानूची, ते कळतं. प्रश्न तेच, माणसंही तीच. उत्तरावर काय अवलंबून आहे, एवढंच बदललं आणि उत्तरं बदलली.

अशी वही ही आजची किंवा आपलीच गोष्ट नाही. एकोणिसाव्या शतकातल्या इंग्लंडात ‘कन्फेशन अल्बम’ नावाच्या छापील वह्यांची टूम होती आणि ती युरोपभर पसरली. 1865 साली कार्ल मार्क्सने घरच्या मुलींच्या आग्रहाखातर असले प्रश्न सोडवले आहेत. आवडता रंग तांबडा, आवडता पदार्थ मासे, आवडते वीरपुरुष स्पार्टाकस आणि केप्लर. 1886च्या सुमारास चौदा-पंधरा वर्षांच्या मार्सेल प्रूस्तने मैत्रिणीच्या वहीत दिलेली उत्तरं तर इतकी गाजली, की आजही मासिकं नामवंतांना विचारतात ती प्रश्नावली त्याच्या नावाने ओळखली जाते. मार्क्सच्या उत्तरातलं स्पार्टाकसचं नाव मला बोलकं वाटतं. बंड करणारा गुलाम त्याच्या कुळातला नव्हता, देशातला नव्हता, काळातलाही नव्हता. आवडीच्या रकान्यात माणूस आपले पूर्वज निवडून घेतो, ते असे.

आपल्याकडे हेच काम कितीतरी वर्षं पोस्टकार्डाने केलं. 1952 साली बा. वि. केसकर नभोवाणी मंत्री झाले आणि चित्रपटगीतं आकाशवाणीवरून जवळजवळ हद्दपार झाली. त्याच वर्षी रेडिओ सिलोनवर अमीन सयानींची ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली. सरकारला जी आवड हलकी वाटत होती, ती लोकांनी पत्रं लिहून समुद्रापलीकडच्या केंद्राला कळवली. 1957च्या ऑक्टोबरात विविध भारती आली, तेव्हा आकाशवाणीने लोकांची आवड मान्य केल्यासारखं झालं. मराठी श्रोत्यांसाठी ‘आपली आवड’सारखा कार्यक्रम होता. गाण्याआधी निवेदक फर्माईश करणाऱ्यांची नावं गावासकट वाचून दाखवत. गाणं तर पुढेमागे लागणारच होतं. मग लोक कार्ड कशाला घालत? आपलं नाव आपल्या आवडीशेजारी सगळ्यांनी ऐकावं, यासाठी. सातबाऱ्यावर, मतदारयादीत, हजेरीपटावर नाव होतंच. पण तिथे ते वडिलांच्या आणि गावाच्या आधाराने उभं असे. रेडिओवर ते एका गाण्याच्या आधाराने उभं राहिलं.

लोणावळ्याच्या मुलांपुढे या वहीतला एक छापील प्रश्न खास पेच टाकतो. ‘फिरायला जायचं आवडतं ठिकाण’. मुंबई आणि पुण्याच्या असंख्य वह्यांत या रकान्यात लोणावळा-खंडाळा हेच उत्तर असणार. 1998च्या ‘गुलाम’मधल्या आमिर खानच्या गाण्याने तर खंडाळा देशभर नेऊन ठेवला. मग ज्याचं घर गवळीवाड्यात किंवा वलवणला आहे, त्याने काय लिहायचं? भुशी धरण म्हणजे त्याच्यासाठी शनिवार-रविवारची वाहतूककोंडी, चिक्की म्हणजे शेजारच्या काकांचं दुकान. गोवा लिहावं, कोकण लिहावं, की आपलंच गाव अभिमानाने लिहावं? दुसऱ्यांची आवड जिथे रोज ओसंडून वाहते तिथल्या मुलाला स्वतःची आवड वेगळी काढून पाहावी लागते, आणि हा विचार त्याला वहीतल्या एका उथळ प्रश्नाने करायला लावलेला असतो. हाताने आखलेल्या वहीत तर प्रश्नच इथल्या मातीतले घालता येतात: आवडता किल्ला लोहगड की तिकोना, शर्यतीच्या घाटातला आवडता बैल कोणाचा. 2023 साली सर्वोच्च न्यायालयाने बैलगाडा शर्यतींना मुभा देणारा कायदा उचलून धरल्यावर हा दुसरा प्रश्न मावळात जराही गमतीचा राहिलेला नाही.

यावर पहिला आक्षेप समाजशास्त्राकडून येतो आणि तो वजनदार आहे. आवड माणूस निवडतो हाच भ्रम आहे, असं तो सांगतो. फ्रेंच समाजशास्त्रज्ञ पिएर बोर्दियू यांनी 1960च्या दशकात 1217 लोकांना आवडतं संगीत, चित्रं, गायक यांविषयी प्रश्न विचारले आणि 1979च्या आपल्या ग्रंथात दाखवून दिलं, की आवड वर्गाच्या पावलावर पाऊल टाकून चालते. कोणती धून आवडते यावरून बापाचा धंदा बराचसा ओळखता येतो. आपल्याकडे तर बाजाराचा रेटाही आहे. एका वर्षी सगळ्यांचा हिरो एकच असतो, कारण त्याचीच जाहिरात जिथेतिथे असते. हे सगळं खरं आहे. पण बोर्दियूंचं सत्य हजार माणसांच्या बेरजेचं आहे आणि वही एकेका पानाची असते. 2016 साली ‘सैराट’ आला तेव्हा अजय-अतुलची गाणी बंगल्यातही वाजली आणि वाडीवरही. त्या वर्षीच्या वहीत बागायतदाराच्या मुलाने आणि त्याच्याकडे मजुरीला येणाऱ्याच्या मुलीने एकच नाव लिहिलं असेल, तर त्याने दोघांमधलं अंतर मिटलं असं कुणी म्हणू नये. तरी एकमेकांशी बोलायला दोघांकडे एक विषय आला, जो दोघांपैकी कुणाच्याही घरचा नव्हता. सगळ्यांचं उत्तर सारखं असणं हा इथे दोष ठरत नाही. गाव-आडनावाच्या प्रश्नांत असं सारखेपण सापडायला जागाच नसते.

दुसरा आक्षेप घरगुती आहे, आणि शिक्षकांना तो चांगला ठाऊक असतो. वही काहींना बाहेर ठेवते. कुणाकडे ती पोचतच नाही, कुणाचं पान वाचून चिडवाचिडवी होते, कुणाची आवड गावंढळ ठरते. भजन आवडतं असं लिहिणारा मुलगा देहूच्या शेजारी राहूनही हसण्यावारी जाऊ शकतो. हा दोष वहीत आहे हे नाकारता येत नाही. पण तो वर्गात आधीच असतो. वहीत तो दिसतो इतकंच. उपायही वहीच्या रचनेतच आहे. रकाना कोरा ठेवायची मुभा, ‘सांगणार नाही’ हे उत्तर चालणं, आणि ‘का?’ हा प्रश्न नसणं. कारण विचारलं की आवडीचा पुन्हा निबंध होतो, आणि निबंधात भजनवाला मुलगा पावसाळ्याकडे वळतो.

तिसरा आक्षेप मला सर्वांत गंभीर वाटतो. आवडीनिवडी आता निरुपद्रवी राहिलेल्या नाहीत. 2013 साली केंब्रिजच्या संशोधकांनी 58 हजारांहून अधिक स्वयंसेवकांच्या फेसबुकवरच्या ‘लाइक’वरून त्यांचा राजकीय कल आणि स्वभाव यांचे अंदाज बांधून दाखवले. 2018 साली केंब्रिज अॅनालिटिकाचं प्रकरण बाहेर आलं. सुमारे पावणेतीन लाख लोकांनी स्वभावचाचणीचं एक अॅप वापरलं आणि त्यांच्या ओळखीपाळखीतून, फेसबुकच्याच अंदाजाने, 8 कोटी 70 लाखांपर्यंत लोकांची माहिती या कंपनीच्या हाती लागली. तुमची पहिली शाळा, टोपणनाव, आवडता सिनेमा ही तर परवलीचा शब्द विसरल्यावर विचारली जाणारी उत्तरं. तेव्हा खेळाच्या नावाने आवड गोळा करणाऱ्याकडे संशयाने पाहणं शहाणपणाचंच आहे. मात्र या आक्षेपाने माझा मुद्दा पडत नाही, उलट पक्का होतो. अॅप विचारतं, पण स्वतः काही सांगत नाही. त्याचं पान कुणाला वाचता येत नाही आणि त्याला उत्तराचे पैसे मिळतात. म्हणजे इथेही उत्तरावर काहीतरी अवलंबून आहे; ते कुणाला दिसत नाही एवढंच. स्लॅमबुकात वहीची मालकीण उद्या तुमच्या वहीत तेच प्रश्न सोडवणार असते. देवाणघेवाण समोरासमोर आणि सारख्या मापाने होते.

यातून चांगल्या आणि वाईट प्रश्नावलीतला फरक सांगता येतो, आणि तो प्रश्नांच्या दर्जावर ठरत नाही. विचारणाऱ्याने आधी स्वतः उत्तर द्यावं, उत्तराला गुण नसावेत, कोरं सोडता यावं, आणि वाचणारे कोण हे लिहिणाऱ्याला माहीत असावं. या चार अटी पाळल्या तर ‘आवडता रंग कोणता’ हा प्रश्नही पुरतो. मोडल्या तर आयुष्याचं ध्येय विचारूनही माणूस हाती लागत नाही. पंचवीस वर्षांनी पवनेच्या काठी भरणाऱ्या माजी विद्यार्थ्यांच्या स्नेहमेळाव्यांत सध्या व्यासपीठ, सत्कार आणि कोण कुठल्या हुद्द्यावर पोचलं याची यादी असते. संयोजकांनी तिथे हुद्द्यांऐवजी एक जुनी प्रश्नावली फिरवावी आणि पहिलं पान स्वतः भरावं. ज्यांना सांगण्यासारखा हुद्दा नाही म्हणून जे मेळाव्याला येतच नाहीत, त्यांनाही आवडतं गाणं असतंच.